माळ्यावरचा ट्यूब टीव्ही ठेवू का १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊ? परभणीच्या टीव्ही मेकॅनिकचं उत्तर

सेलूच्या एका पोरानं विचारलंय. घरी आजोबांचा २१ इंची ट्यूब टीव्ही माळ्यावर पडून आहे, त्यासोबत कॅसेटवाला व्हिडिओ गेम अन् त्याची बंदूक. ती बंदूक नव्या एलईडीवर लागतच नाही. मित्र म्हणायलाय की गेमसाठी ट्यूबएवढं भारी आजही काही नाही. एक जण १७ इंची जुना ट्यूबवाला कॉम्प्युटर मॉनिटर ६ हजाराला विकायलाय, तो घेऊ का पैशात भर घालून १४४ हर्ट्झचा नवा घेऊ, खेळायचं तर व्हॅलोरंट (कॉम्प्युटरवरचा गोळीबाराचा ऑनलाइन गेम) पण आहे. आणि आई म्हणते ट्यूबनं डोळे जातात.

तू मला काका म्हणालास म्हणून अरे-तुरेच करतो बाळा. परभणीत २९ वर्षं झाली टीव्ही उघडायलोय, त्यातली पहिली १५-१६ वर्षं निव्वळ ट्यूबची, अन् दुकानात आजही एक २१ इंची चालू ठेवलाय, रोज लावतो. तेव्हा जे सांगतोय ते दोन्ही बाजूनं हात घालून सांगतोय.

आधी एक गोष्ट पक्की समजून घे, बाकीचं सगळं तिच्यातूनच निघतं. ट्यूबवर अख्खं चित्र एका वेळी कधीच नसतं. ट्यूबच्या मागं जी बारीक मान असते तिच्यात गन असते, तिथून इलेक्ट्रॉनचा किरण सुटतो, मानेवर बसवलेलं तांब्याच्या तारेचं योक त्याला डावीकडून उजवीकडं अन् वरून खाली ओढतं, अन् समोरच्या काचेला आतून जो फॉस्फर लावलेला असतो तो जिथं किरण पडेल तिथं चमकतो. आपल्याकडची टीव्ही सिग्नलची पाल सिस्टीम म्हणजे ६२५ ओळी, सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. प्रत्येक चित्र दोन खेपेत, आधी एकाआड एक ओळी अन् मग मधल्या, म्हणून सेकंदाला ५० खेपा, त्यालाच ५० हर्ट्झ म्हणतात. एक ओळ ६४ मायक्रोसेकंदात. आणि किरण पुढं सरकला की मागचा फॉस्फर साधारण एक-दोन मिलिसेकंदात विझत येतो. मोबाइलवर स्लो मोशन लावून ट्यूबचा व्हिडिओ काढून बघ, अख्खा पडदा काळा अन् एक उजेडाचा पट्टा वरून खाली जाताना दिसंल. आपल्याला चित्र सबंध दिसतं ते आपल्या डोळ्यामुळं, काचेवर ते नसतंच.

(त्या १५,६२५ ची एक बारीक शिट्टी असायची, लाइन ट्रान्सफॉर्मरची, आपण ज्याला एलओटी म्हणतो. पोरगा होतो तेव्हा गल्लीतून जाताना कुणाच्या घरात टीव्ही चालू आहे ते आवाज बंद असला तरी ओळखायचो. आता पन्नाशी उलटली, ती शिट्टी मला ऐकू येत नाही, दुकानातल्या पोराला येते. लई आठवण येते तिची.)

आता एलईडी बघ. तिथं प्रत्येक ठिपक्याला रंग सांगितला की पुढचं चित्र येईपर्यंत तो रंग धरून बसतो, मागं बॅकलाइट जळतच असते. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर थांबतं. ट्यूब दाखवते अन् विसरते, एलईडी दाखवते अन् धरून ठेवते. सगळा फरक इथंच आहे.

पहिलं, बंदुकीचं. तुझी बंदूक गोळी मारत नाही, ती बघते. बदकं मारायच्या गेममध्ये बदकावर नेम धरून घोडा ओढला की गेम एका फ्रेमसाठी, म्हणजे एका चित्रापुरता, अख्खा पडदा काळा करतो, पुढच्या फ्रेमला फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो, बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा असतो, त्याला आधी काळं अन् लगेच पांढरं दिसलं की नेम बरोबर. दोन बदकं असली की एका फ्रेमला एकाचा चौकोन, दुसऱ्या फ्रेमला दुसऱ्याचा, त्यावरून कोणतं मारलं ते कळतं. सगळा खेळ वेळेचा. गेम सिग्नल पाठवतो त्याच क्षणी ट्यूबवर तो चौकोन उमटायला पाहिजे, हे गृहीत धरलेलं. एलईडी तो चौकोन दाखवते की, पण तीन-चार-पाच फ्रेम उशिरा, तोवर गेमनं विचारून घेतलं अन् "चुकला" म्हणून मोकळा झाला. वर अजून एक गोम आहे, अशा बऱ्याच बंदुकांतली सर्किट ट्यूबवर ओळी ज्या ठोक्यानं पडतात, सेकंदाला १५ हजाराच्या आसपास, तोच ठोका शोधते, म्हणजे कुणी बल्बकडं बंदूक धरून लबाडी करू नये. एलईडीच्या उजेडात तो ठोकाच नाही. त्यामुळं बंदूक खराब नाही, फेकू नको, अन् कुणी पाचशे रुपये घेऊन ती एलईडीवर चालवून देतो म्हणला तर देऊ नको.

तीन-चार फ्रेम उशिरा का (या उशिरालाच लॅग म्हणतात), ते पण सांगतो, कारण हीच गोष्ट तुला व्हॅलोरंटमध्ये पण नडते. साध्या ट्यूब टीव्हीत चित्र साठवायला जागाच नव्हती. सिग्नल आत आला की थेट किरणावर. ५० हर्ट्झवर वरची ओळ लगेच, पडद्याच्या मधली ओळ १० मिलिसेकंदांनी, एवढाच उशीर, अन् तो पण सिग्नलच तसा येतो म्हणून. एलईडी टीव्ही मात्र आधी अख्खं चित्र गोळा करतो, मग ते आपल्या पॅनलच्या मापाला ताणतो, मग त्यातली खरखर काढतो, रंग चढवतो, मग दाखवतो. साध्या मोडवर ५० ते १०० मिलिसेकंद सहज जातात, काही सेटला त्याहून जास्त. तेच गेम मोड लावला की बऱ्याच टीव्हीला १० ते २० वर येतं. माझ्याकडं महिन्यात एक तरी जण येतो की टीव्ही नवा आहे पण गेम जड चालायलाय, बटन दाबलं की गडी उशिरा उडतो. उघडायचं काम नसतंच, सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड लावून देतो अन् पैसे घेत नाही. तू पण आधी ते कर.

सगळ्याच ट्यूब अशा नव्हत्या हे पण सांगायला पाहिजे. शेवटी शेवटी १०० हर्ट्झवाले डिजिटल ट्यूब टीव्ही निघाले होते, त्यात चित्र साठवून दुप्पट वेगानं दाखवायचे, त्यांना लॅग असतो अन् त्यांच्यावर बंदूक पण लागत नाही. तुझ्या आजोबांचा साधा २१ इंची असंल तर ही भानगड नाही.

दुसरं, हलणारं चित्र. इथं तुझा मित्र खरं बोलायलाय, अन् लोकांना हे पटत नाही. दुकानात मी करून दाखवतो, तीच कॅसेट, तोच गेम, एक ट्यूबवर एक एलईडीवर, अन् म्हणतो पळताना मागच्या विटांकडं बघ, मारिओकडं नको. ट्यूबवर विटांच्या फटी पळताना पण मोजता येतात. एलईडीवर विटा पुसट होतात अन् थांबल्या की परत ठसठशीत. कारण सोपं आहे, आपला डोळा विटेच्या मागं सलग सरकत असतो, अन् वीट मात्र १६.७ मिलिसेकंद एका जागी थांबून मग टुणकन पुढं उडी मारते. थांबलेली वीट अन् सरकता डोळा, त्यामुळं डोळ्याच्या आतल्या पडद्यावर ती फरफटते. हिशोब असा, पडद्यावर एखादी वस्तू सेकंदाला ९६० पिक्सेल सरकत असंल तर ६० हर्ट्झवर ती १६ पिक्सेलइतकी फरफटते, १४४ वर साधारण ७, २४० वर ४. ट्यूबवर उजेडच एक-दोन मिलिसेकंदाचा, म्हणून फरफट एक-दोन पिक्सेलची. ट्यूबशी बरोबरी करायला पॅनलला हजार हर्ट्झच्या घरात जावं लागतं.

आता खोक्यावर जे मोठ्या अक्षरात १ एमएस लिहिलेलं असतं त्याच्याबद्दल, कारण यात लई पोरं फसतात. तो आकडा म्हणजे ठिपक्याला एका छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला लागणारा वेळ, तो पण सगळ्यात चांगला निघालेला. तो लॅग नाही, अन् चित्र पडद्यावर किती वेळ थांबतं ते पण नाही. १ एमएसवाला ६० हर्ट्झचा पॅनल पण चित्र १६.७ मिलिसेकंदच धरून बसणार. ओलेडचा ठिपका तर त्याहून कितीतरी पट चपळ, काळा रंग असा की ट्यूबवाल्याला पण हेवा वाटावा, तरी ६० हर्ट्झवर पळताना फरफट राहतेच, कारण धरून ठेवण्याची सवय तीच. यावर तोड म्हणजे काही मॉनिटरमध्ये बॅकलाइट प्रत्येक फ्रेमला क्षणभरच पेटवतात, किंवा मधे काळी फ्रेम घालतात. म्हणजे फिरून ट्यूबचीच नक्कल. चालते पण, फक्त उजेड बराच कमी होतो अन् काहींना डोळ्याला टोचतं. मॉनिटर घेताना ही सोय आहे का विचार, दुकानदाराला माहीत नसंल तर मेनूत स्वतः शोध.

जुन्या गेमचा चेहरा हा तिसरा मुद्दा. कॅसेटवाल्या गेमचं चित्र २५६ बाय २४० एवढंच असतं. गेम त्या ओळी दरवेळी त्याच जागी पाठवतो, एकाआड एक नाही, म्हणून ट्यूबवर दोन ओळींच्या मधे बारीक काळी रेघ राहते अन् चित्राला एक पोत येतो, घोंगडीच्या विणीसारखा. गेम काढणारे लोक अशाच टीव्हीवर बघून चित्रं काढत होते. पिवळ्या पिनेच्या वायरीतून रंग थोडे एकमेकात सांडतात, तो पण त्यांनी हिशोबात धरलेला, सोनिक गेममधला धबधबा बघ, उभ्या रेघा एकाआड एक काढल्यात, ट्यूबवर त्या मिसळून पाणी आरपार दिसतं, एलईडीवर गजाचं फाटक दिसतं. वरून एलईडी त्या सिग्नलला नेहमीच्या टीव्हीचा एकाआड एक ओळींचा सिग्नल समजते अन् दोन चित्रं शिवायला जाते. मार बसल्यावर गडी लुकलुकतो ना, ते काही सेटवर लुकलुकणं राहात नाही, गडी कंगव्यासारखा दिसतो नाहीतर गायबच. कॉम्प्युटरवर एम्युलेटर (जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) लावून खेळणार असशील तर त्यात चित्राला ट्यूबचा चेहरा देणारे शेडर मिळतात, चांगले आहेत, मी स्वतः वापरलेत, पण त्यांना खरी मजा ४के पॅनलवर येते, कारण एका जुन्या ठिपक्यासाठी बरेच नवे ठिपके लागतात. साध्या फुल एचडीवर जेमतेम.

एवढं गुणगान झाल्यावर ट्यूबचे वांधे पण ऐक, मी ते उचलून उचलून पाठ धरून बसलोय. २१ इंची म्हणजे २० किलोच्या पुढं, अन् सगळं वजन काचेच्या बाजूला, उचलताना काच छातीकडं धरायची. वीज ८०-१०० वॅट, तुझा २४ इंची एलईडी २०-२५ वर भागवतो. कोपऱ्यात चित्र थोडं वाकडं असणारच, सरळ रेघ सरळ मिळायची ती फक्त पॅनलवर. शेजारी मोठा स्पीकर ठेवला की चुंबकानं कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग येतो. उजेडाच्या खोलीत काच करडी दिसते, काळा रंग राहात नाही, आपल्याकडं मे महिन्यात दुपारी दार उघडं ठेवून ट्यूबवर गेम खेळणं म्हणजे अर्धं चित्र अंदाजानं. पावसाळ्यात दमट हवा अन् वर्षानुवर्षाची धूळ, ट्यूबच्या अॅनोडला २५ हजार व्होल्टच्या आसपास, मग ते चिर्र आवाज करत झिरपतं अन् वेगळाच वास येतो, तसा वास आला तर लगेच बंद.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र मी ट्यूबच्या बाजूनं आहे. आपल्या भागात जे ट्यूब टीव्ही होते त्यातले कितीतरी इथंच पैठण रोडला चितेगावच्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यातून आलेले, त्या कंपनीनं २००५ मध्ये थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदाच विकत घेतला होता, अख्खी दुनिया पॅनलकडं वळत असताना. आता ते सगळं संपलं, पण त्या सेटची चेसिस, म्हणजे आतला बोर्ड, मी डोळे झाकून सांगतो. लाइन ट्रान्झिस्टर उडाला तर बदलता येतो, पडद्यावर नुसती आडवी पांढरी रेघ राहिली तर व्हर्टिकलची आयसी बघायची, एलओटीच्या पायाला ड्राय सोल्डर झालं तर डाग दिला की चालू. अख्खा बोर्ड गेला तर चायना किट टाकून पण टीव्ही जगवलेत, गेमला ते चालतं. फक्त ट्यूब स्वतः उतरली, एमिशन संपलं, चित्र मळकट अन् चालू केल्यावर दहा-दहा मिनिटं अंधारं, तर मग काही खरं नाही, नवी ट्यूब आता मिळत नाही. एलईडीचं उलट, बॅकलाइटच्या पट्ट्या जातात, त्या बदलतो, पण पॅनलला तडा गेला की टीव्ही गेला.

आता तो ६ हजाराचा मॉनिटर. घेऊ नको. एक तर कॉम्प्युटरचा ट्यूब मॉनिटर अन् ट्यूब टीव्ही एक नाही, मॉनिटरला सेकंदाला ३१ हजार ओळींच्या पुढचा व्हीजीए सिग्नल लागतो, तुझा कॅसेटवाला गेम १५ हजाराचा, तो त्यावर थेट लागणारच नाही. दुसरं, नव्या ग्राफिक कार्डाला व्हीजीए निघत नाही, कन्व्हर्टर लावावा लागंल. नाही म्हणायला मॉनिटरचे गुण लई मोठे आहेत. २००५ च्या आसपास सायबर कॅफेत १७ इंचीवर १०२४ बाय ७६८ ला ८५ हर्ट्झ लावून काउंटर स्ट्राइक खेळलेली माणसं अजून त्याची आठवण काढतात, अन् बरोबर काढतात. ट्यूबला ठरलेले ठिपके नसतात त्यामुळं ८०० बाय ६०० लावलं तरी चित्र साफ, पॅनलवर तेच लावलं की पुसट होतं. सोनीचा जीडीएम-एफडब्ल्यू९०० नावाचा २४ इंची रुंद मॉनिटर होता, ४२ किलोचा, २३०४ बाय १४४० ला ८० हर्ट्झ देणारा, त्याच्यासाठी आजही लोक मोबाइलच्या शोरूममधल्या सगळ्यात महागड्या फोनएवढे पैसे मोजतात. पण तुला विकायला काढलेला तो नाही, साधा कॅफेतला आहे, अन् कॅफेत रोज १४-१४ तास जळलेली ट्यूब. फुकट मिळाला तर आण, मी बघून देतो. सहा हजार नाही.

व्हॅलोरंटसाठी १४४ किंवा १६५ चा घे, बिनधास्त. हलणारं चित्र त्या १७ इंचीवर अजून साफ दिसंल हे मी छातीठोक सांगतो, तरी पण घे, कारण तिथं दुसऱ्या गोष्टी जास्त कामाच्या. दर ७ मिलिसेकंदाला नवीन चित्र येतं, मोठ्या पडद्यावर माणूस मोठा दिसतो, फ्रेम वरखाली झाल्या तर मॉनिटर त्यांच्या तालावर चालतो, ट्यूबला हे जमत नाही. पॅनल आयपीएस जातीचा बघ. व्हीए जातीचा काळा रंग चांगला पण स्वस्तातल्याला अंधाऱ्या जागी काळी शेपूट येते, गुहेतला माणूस पळताना मागं सावली ओढल्यासारखी. अन् आपल्याकडची लाइट माहीत आहे तुला, गेली की येताना झटका देऊन येते, तेव्हा मॉनिटर यूपीएसवरच लाव, दोन हजाराच्या बचतीत मॉनिटर घालवलेले मी दर उन्हाळ्यात बघतो.

आईला सांग डोळे जात नाहीत. समोरच्या काचेचं कामच आतले क्ष-किरण अडवायचं असतं, त्यासाठी ती एवढी जाड अन् जड. त्रास होतो तो ५० हर्ट्झच्या लुकलुकण्याचा, काहींचं तासाभरात डोकं धरतं. अंधार करून नाकापाशी बसायचं नाही, सहा-सात फुटावर बसायचं, टीव्हीच्या मागं भिंतीवर एक मंद बल्ब, अन् धाकट्यानं तासाच्या वर खेळायचं नाही.

शेवटी माळ्यावरचा टीव्ही. काढल्या काढल्या प्लग लावू नको, हे नीट वाच. मागचं झाकण स्वतः उघडू नको, बंद टीव्हीत पण ट्यूबवर अन् मोठ्या कपॅसिटरवर चार्ज बसलेला असतो, अन् ट्यूबची मान बोटानं मोडते. सेलूत जो कुणी जुना मेकॅनिक असंल त्याच्याकडं ने, नाहीतर रविवारी माझ्याकडं आण. तो आधी आतली धूळ उडवंल, पालीची अंडी अन् मुंग्यांची माती हमखास निघते, मग डीगॉसची (पडद्यावरचं चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलची) पिन काढून १०० वॅटच्या सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत मधे बल्ब जोडून, टीव्ही लावंल. बल्ब एकदा पेटून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. ठीक निघाला तर ठेवा, विकू नका, अन् नाहीच ठेवायचा झाला तर रस्त्यावरच्या भंगारवाल्याला फोडायला देऊ नका, मागच्या काचेत शिसं असतं, ई-कचरा घेणाऱ्यालाच द्या.

टीव्ही लागला की गेमची पिवळी पिन एव्हीला लाव, ब्राइटनेस अन् कॉन्ट्रास्ट नेहमीपेक्षा चढवून ठेव, बंदूक उजेडावरच चालते. बंदूक तपासण्यापुरतं चार-पाच फुटावर उभा राहून पडद्याच्या मधोमध बदक आलं की मार. नेम बरोबर असून पण लागलं नाही तर बंदुकीच्या नळीच्या तोंडाची छोटी भिंग ओल्या कपड्यानं पुसून बघ, इतक्या वर्षांत तिच्यावर धुळीचा थर बसलेला असणार.